बी म्हणून राखलेला कंप्युटर

जिंतूरच्या आसपास पन्नास कोसांत आमच्या साडूंइतका कंप्युटर कळणारा माणूस नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. बसस्टँडमागे त्यांचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. बिघडलेला कंप्युटर आला की ते त्याला हातच लावत नाहीत. आधी मालकाला स्टुलावर बसवून चहा पाजतात आणि म्हणतात, "काय बिघडलं ते ऱ्हाऊ द्या. कालपर्यंत काय काय चालत होतं, ते सांगा." उत्तरं एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची, हा नेम. मध्येच कुणी उतावीळपणे दुसरं बटण दाबलं, तर पत्रिका फाडून श्रीगणेशापासून सुरुवात. एकदा आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनेच, तसं केलं. त्यांना चहासुद्धा पुन्हा ठेवावा लागला.

पण त्यांचं खरं वेड माळ्यावर होतं. तिथे आक्कांच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळलेले पाच जुने कंप्युटर होते, जुनी विंडोज असलेले, इंटरनेटचं वारंही न लागलेले. मी हसलो की म्हणत, "नवं वाण कितीबी चांगलं असू द्या भाऊ, घरात जुन्याचं बी राखावं. आमच्या आईनं गाडग्यात राख घालून ज्वारीचं बी ठेवलं, मी हे ठेवलं."

मागच्या वर्षी माझं हसू बंद झालं. आमच्या अप्पांचं कानाचं यंत्र दुरुस्तीहून आलं ते कोरं होऊन. त्यात अप्पांच्या कानापुरता आवाज कंप्युटरवरून पुन्हा बसवायचा होता, आणि परभणीतल्या यंत्रवाल्या ताईंच्या कंप्युटरवर नेमकी नवी विंडोज चढलेली. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर उघडेचना. नव्या सॉफ्टवेअरला हे यंत्र ठाऊकच नव्हतं. ताई म्हणाल्या, नवं यंत्र घ्या. अप्पा ऐकेनात, तसंही त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. तीन आठवडे ते ओसरीवर बसून कुणी काहीही म्हटलं तरी "बरं बरं" म्हणत हसत राहिले. माझ्या बडबड्या बापाचं ते हसणं मला बघवत नव्हतं.

साडूंना परभणीला बोलावलं. ताईंना स्टुलावर बसवून विचारपूस झाली. "अपग्रेड करून किती दिवस झाले?" "महिना झाला असंल." "मंग जुन्या विंडोजवर माघारी जायची वाट बंद झाली, ती धा दिवसच उघडी असती," म्हणत त्यांनी पत्रिकेवर पहिली फुली मारली. सॉफ्टवेअरला जुन्या विंडोजच्या पद्धतीने चालवून पाहिलं, तर ते उघडलं. पण यंत्र जोडायच्या डबीची ओळख कंप्युटरला पटेना. संध्याकाळपर्यंत अकरा फुल्या झाल्या. साडू उठले आणि जिंतूरच्या बसला बसले.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले ते लुगड्याचं गाठोडं छातीशी धरूनच. त्या जुन्या कंप्युटरवर ताईंची जुनी सीडी चालली, डबीची ओळख पटली, अप्पांच्या कानात आवाज बसला. साडू वाकून ओरडले, "अप्पा, ऐकू यायलंय का?"

"पाव्हणं," अप्पा दचकून म्हणाले, "एवढं कामून वरडायलाव?"

मला रडूच आलं. साडू चष्मा पुसत बसले.

तो कंप्युटर त्यांनी ताईंकडेच ठेवला. म्हणाले, "अप्पासारखे लय जण असतील." माळ्यावर आता चारच आहेत. ताईंकडचाही जुना झालाय, मध्येच घरघरतो. एक दिवस थांबणार, हे साडूंना माहीत आहे. अप्पाही थकलेत. म्हणून दर रविवारी जिंतूरहून फोन येतो. मी तो अप्पांच्या कानाशी धरतो.

"अप्पा, ऐकू यायलंय का?"

"न्हाई!" अप्पा ठणकावून सांगतात, आणि तिकडे साडू पोट धरून हसतात. तो "न्हाई" ऐकल्याशिवाय आता माझाही रविवार जात नाही.