गजरा माळून जंगलात

आमच्या चाळीपासून नॅशनल पार्कचं फाटक इतकं जवळ होतं की गॅसवर डाळ ठेवून निघालं तर ती शिजायच्या आत तिथे पोचता यायचं. तरी लग्न होऊन बोरिवलीत आल्यापासून माझी आई तिथे एकदाही गेली नव्हती. "झाडां बघूक थंय कित्याक जावचा? गावाक काय कमी होती?" एवढं म्हणायची आणि विषय मिटवायची.

मला जंगलाचा नाद लावला तो मामाने. आईचा हा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, आमच्याकडेच राहायचा. परळच्या गिरणीत होता. संप झाला, गिरणी बंद पडली आणि मामा घरी बसला. बहिणीच्या हातचं बसून खायची त्याला लाज वाटायची, म्हणून सकाळी आंघोळ करून, भांग पाडून तो घराबाहेर पडायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, काम शोधायला जातोय. तो जायचा जंगलात. पुढे अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत त्याला पॅकिंगचं काम लागलं, पण रविवार त्याने जंगलाला देऊन टाकला तो टाकलाच. माझी दहावी झाली त्या सुट्टीत मी एकदा त्याच्यामागे गेले आणि मग दर रविवारी जात राहिले.

मामाचे नियम कडक होते. पांढरं, पिवळं, लाल काही घालायचं नाही. बांगड्या काढून ठेवायच्या. केसांना वासाचं तेल नको, फुलं तर नकोच. तो पुढे, मी मागे, आणि बोलायचं ते हाताने. "आपण त्यांच्या घरात आलोय ना, मग आवाज त्यांचा पाहिजे," असं तो म्हणायचा. मी एक मातकट रंगाचा पंजाबी ड्रेस फक्त रविवारसाठी ठेवला होता. मैत्रिणी त्याला पोतं म्हणायच्या. त्या पोत्यात मी कान्हेरीच्या वाटेवर बसून काय काय पाहिलं! कांडोळाच्या पांढऱ्या खोडावर उलटा उतरणारा पक्षी पाहिला. पाणवठ्यावर यायला घाबरणारी आणि तरी येणारी भेकरं पाहिली. ओल्या मातीत बिबट्याच्या पंजाचा ठसा पाहिला, इतका ताजा की त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. बिबट्या काही दिसला नाही. मामा म्हणाला, "त्याने आपल्याला बघितलंय, तेवढं बस झालं." घरी आल्यावर आई विचारायची, "काय गावला?" काय सांगणार तिला?

बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला येईपर्यंत माझं ठरलं होतं. मला प्राणिशास्त्रातच पुढे शिकायचं होतं, जंगलातच काम करायचं होतं. वडील जहाजावर, वर्षातले बरेच महिने घराबाहेर, त्यामुळे घरात शब्द आईचा. आणि आईने माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. मी पोह्यांची बशी घेऊन कोणाच्याही पुढे येणार नाही असं स्वच्छ सांगून टाकलं होतं. त्यावरून घरात भांड्यांची आदळआपट चालायची. मामा मला गॅलरीत गाठून म्हणायचा, "तू तिच्या तोंडी लागू नकोस. मी बोलतो ताईशी. माझं ऐकते ती." आईचं मन वळवू शकेल असा घरात तोच एक होता. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती.

म्हणून माघातल्या एका शनिवारी मामा जेव्हा म्हणाला, "उद्या ताई पण येतेय आपल्याबरोबर," तेव्हा मला काय आनंद झाला! मला वाटलं, हाच तो दिवस. मामाने पटवलं तिला. आई एकदा जंगल बघेल, मी तिथे कशी असते ते बघेल, आणि मग मामा बोलेल. काटेसावरी फुलायचे दिवस होते. कुठल्या झाडाखाली तिला बसवायचं, तेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं.

सकाळी आईने कपाटातून तिची जांभळी साडी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. वर सुरंगीचा गजरा.

"अगं, जंगलात कोण असं जातं?" मी म्हटलं. "मामा, सांग ना हिला."

मामा चपलेचा अंगठा नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "नेस गं. आज काय सफारीच्या बसनेच जायचंय. बसमधून बघायला काय फरक पडतो?"

सफारीच्या बसला आम्ही दोघं इतकी वर्षं नावं ठेवत आलो होतो. जाळीच्या खिडक्यांच्या बसमध्ये बसून कुंपणातले झोपलेले सिंह बघायचे आणि जंगल पाहिलं म्हणून सांगत सुटायचं, असं मामाच म्हणायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, आई पहिल्यांदाच येतेय, चालायचा त्रास नको म्हणून असेल. साडी नेसले. गजराही माळला. आईसाठी.

फाटकाशी एक कुटुंब उभं होतं. भारी साडीतल्या एक बाई, त्यांचे यजमान, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला त्यांचा मुलगा. आई त्यांना बघून म्हणाली, "अगो बाई, तुम्ही हय खंय?" माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. तिचा आवाज एवढा चढला की तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी मामाकडे पाहिलं. मामा झाडावर काहीतरी असल्यासारखा वर बघत होता. झाडावर काही नव्हतं.

ते मुलुंडचे होते. जंगलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. मुलगा बँकेत होता. बसमध्ये त्याच्या आईने मला शेजारी बसवून घेतलं आणि स्वयंपाक, शिवण, गावचं घर सगळं विचारून घेतलं. सिंह करंजाच्या सावलीत पसरले होते. त्यातल्या एकाने जांभई दिली. "आळशीच दिसतात," असं त्या बाई म्हणाल्या आणि परत माझ्याकडे वळल्या. माझ्या डोक्यातल्या गजऱ्याचा वास बसभर झाला होता.

बसमधून उतरल्यावर त्या बाई म्हणाल्या, "जरा पाय मोकळे करू या ना." कान्हेरीच्या वाटेला लागलो तेव्हा मी सवयीने मामाच्या मागे गेले. तो बाजूला झाला. "तू हो पुढे," म्हणाला.

मी पुढे झाले. दोन पावलं टाकली आणि मग लख्ख कळलं. मागे सगळे माझी चाल बघत होते. पाय सरळ पडतो का, लंगडते का, कंबर कशी आहे. आमच्या गावाकडे मुलीला त्यासाठी अंगणातून विहिरीपर्यंत चालवत नेतात. मला माझ्याच वाटेवरून चालवलं. ज्या वाटेवर पाऊल वाजू नये म्हणून मामाने मला टाच आधी टेकवायला शिकवलं होतं, त्या वाटेवर मी चपला फटाफट आपटत चालले. मला रडू येत होतं आणि ते मी त्यांना दाखवणार नव्हते.

तेवढ्यात वरून सर्पगरुडाची शीळ आली. मी नकळत थांबले, हात वर केला. "कुठे?" त्या मुलाने मागून विचारलं. खरंच विचारलं, उगाच नाही. मी त्याला दाखवला, वाळक्या फांदीवर बसलेला, पिवळ्या डोळ्यांचा. तो साप कसा धरतो, पिल्लू कसं वाढवतो, सांगत सुटले. त्या दोन मिनिटांत मी सगळं विसरले असणार. कारण मागे वळले तेव्हा मामा त्या बाईंकडे बघून हसत होता. बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं ते हसू होतं. आई पण हसत होती.

मग त्या बाईंनी विचारलं, "हौस आहे हो मुलीला. पण लग्नानंतर पण असं रानावनात फिरायचं म्हणेल का?"

त्यांनी विचारलं आईला, पण आईने मामाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता. आता तो बोलेल. इतकी वर्षं मला सांगत आलाय ते आता सांगेल.

मामा म्हणाला, "छे हो! पोरवय आहे, दुसरं काय. मीच लावलाय तो नाद, माझ्याबरोबर यायला मिळतं म्हणून येते. संसाराला लागली की विसरेल सगळं."

पुढचं मला फारसं आठवत नाही. मुलाच्या वडिलांच्या हातातली पेरूंची पिशवी माकडाने पळवली आणि सगळे हसले, तेवढं आठवतं.

घरी आल्याआल्या मी गजरा मोरीत फेकला आणि तोंड सोडलं. आई म्हणाली, "माझ्यावर कित्याक ओरडतंस? तुझ्या मामाचीच ही अक्कल. तोच म्हणालो, घरात दाखवलास तर पोर उठान जायत. जंगलात खुश असता, थंय दाखव. थंय बरा दिसता."

मला आतापर्यंत वाटत होतं, आईने त्याला यात ओढलं असेल. तसं नव्हतं. मी कुठे खुश असते हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याने ते वापरलं. माझ्या हातात पोह्यांची बशी दिली असती तर इतकं लागलं नसतं. तिथे मी निदान तोंड वाकडं करून बसले असते.

रात्री जेवणं झाल्यावर मामा गॅलरीत आला. त्यांचा होकार आला होता, हे त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, "माझा नाही."

"मुलगा चांगला आहे गं."

"असू दे. आणि तू बोलू नकोस माझ्याशी."

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "ठीक आहे. मी कळवतो त्यांना. ताईशी पण मीच बोलतो, तू भांडू नकोस तिच्याशी. मी निस्तरतो सगळं."

खरं सांगते, राग होता तरी मला बरं वाटलं. म्हटलं, चुकला, आता निस्तरतोय. इतक्या वर्षांचा भरवसा असा एका रविवारात सगळाच्या सगळा जात नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी कॉलेजमधून आले तर आई ओट्याशी उभी राहून रडत होती. आणि माझी आई सहसा रडत नाही. मी घाबरले. मला वाटलं, गावाकडून काही निरोप आला की काय.

"नको म्हणाले ते," आई म्हणाली. "होकार देवन फिरले. माझ्या चेडवाक नाकारल्यानी."

मामा तिथेच खुर्चीवर चहा पीत होता. मी म्हटलं, "आई, त्यांनी नाही, मी नाही म्हटलं. मामाला विचार. मीच त्याला सांगितलं कळवायला."

आईने माझं ऐकलं नाही. ती आपली बोलतच राहिली. "रापली किती, कोळसो झाली. उन्हात फिरान फिरान तोंडाचा काय झालाहा बघ. खंयच्या सासूक असली सून बरी दिसतली? आता बंद. रविवार बिविवार सगळा बंद. परीक्षा दे आणि घरात बस."

"मामा," मी म्हटलं, "सांग ना तिला."

आई डोळे पुसून त्याच्याकडे वळली. "खरा सांग माका. तू सांगशीत ता खरा. कोण नको म्हणाला, ह्या पोर की ते मुलुंडवाले?"

मला अजून तो क्षण दिसतो. त्याने फक्त खरं बोलायचं होतं, दुसरं काही नाही. तो खरं बोलला असता तर आई त्याच्यावर ओरडली असती, कदाचित चार दिवस त्याच्या ताटात न बोलता वाढलं असतं. त्याच्या जिवाला त्याहून जास्त काही होणार नव्हतं. माझं मात्र सगळं त्याच्या एका वाक्यावर होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर चोरली नाही. चोरली असती तर तेही मला बरं वाटलं असतं.

"ते नको म्हणाले, ताई," तो म्हणाला. "पोरगी रागाने काहीतरी बोलतेय."

आणि त्याने उरलेला चहा पिऊन कप मोरीत ठेवला.

बोलून उपयोग नव्हता. आईच्या लेखी मी नाकारलेली मुलगी होते, आणि नाकारलेल्या मुलीचं घरात कोण ऐकतं? रोज डाळीचं पीठ तोंडाला लावायचं आणि उन्हं उतरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं सुरू झालं. मातकट ड्रेस आईने बोहारणीला देऊन टाकला.

त्या रविवारी तरी मामा जाणार नाही, असं मला वाटत होतं. एवढं तरी तो माझ्यासाठी करेल. पहाटे तो उठला, दुर्बीण गळ्यात घातली. मला जाग येऊ नये म्हणून पाय न वाजवता दारापर्यंत गेला. मी जागीच होते, डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही. कडी हळूच काढली आणि तो गेला.