साडूभाऊंची अरुंधती

आकाशाबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेला आणि आकाशाकडे सर्वांत कमी पाहिलेला माणूस लातूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली. मीटरला लोहचुंबक लावून आकडा अडवणारं गिऱ्हाईक ते नुसत्या चालीवरून ओळखत. निवृत्तीनंतर तपासायला मीटर उरले नाहीत, म्हणून ते मोबाइलवर तारे दाखवणारी सॉफ्टवेअरं तपासू लागले. तारे पाहणं हा त्याच्या पुढचा टप्पा होता. तो सॉफ्टवेअर पास झाल्यावर सुरू व्हायचा होता.

ह्या छंदाचं मूळ त्यांच्या लग्नात आहे. भर दुपारी, पत्र्याच्या मांडवात गुरुजींनी त्यांना नवरीला अरुंधती दाखवायला सांगितलं. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असलेली ही बारीक चांदणी नवऱ्यानं दाखवायची आणि नवरीनं पाहायची, असा विधी आहे. साडूंनी पंख्याकडे बोट केलं. "दिसली म्हणा," गुरुजी म्हणाले. "दिसली," माझी मेव्हणी म्हणाली. आपला संसार खोट्या रीडिंगवर सुरू झाला, ही बोच साडूंना कायम राहिली. मुलीचं लग्न नायगावच्या मुलाशी ठरलं तेव्हा त्यांनी मानपानाविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांची अट एकच होती: मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा, आणि अरुंधती खरी.

मग निवड सुरू झाली. एका सॉफ्टवेअरनं सप्तर्षींवर अस्वलाचं चित्र काढलं होतं. "सात ऋषी, आन् ह्यांनी जनावर करून ठेवलं!" ते बाद झालं. दुसऱ्याच्या गावांच्या यादीत लातूर नव्हतं. सर्वांत जवळचं गाव म्हणून ते हैदराबाद सुचवत होतं. "निजाम गेला, साडूभाऊ, पण ह्यांना कुणी कळवलंच न्हाई," असं म्हणून त्यांनी तेही काढून टाकलं. तिसरं अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून पडदा लाल करत असे. त्यामुळे मेव्हणीनं मोबाइल बिघडला म्हणून दुकानात नेऊन दिला. चौथं संगणकाचं होतं आणि फार सुंदर होतं. ते नीट दिसावं म्हणून साडू चांदण्या उगवल्या की खिडक्या लावून, दिवे घालवून आत बसत.

उरलेल्यांची परीक्षा गच्चीवर होई. संध्याकाळी मावळत्या सूर्यासमोर उभं राहून ते मोबाइल उघडत. मोबाइलला आपोआप टक् करून मिटणाऱ्या झडपेचं जाड कव्हर होतं. पडू नये, धूळ लागू नये म्हणून ते कव्हर कधीही निघत नसे. "सूर्य कुठं हाय ते मला माहीत हाय. ह्याला माहीत हाय का, ते बघू." सूर्य डोळ्यांदेखत मावळत असे आणि सॉफ्टवेअर तो बसस्टँडच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला, असल्याचं सांगे. एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. "समदे एकसारखे चुकतेत, म्हणजे समदे मिळालेले हायेत," असा त्यांनी निष्कर्ष काढला. प्रत्येकाखाली त्यांनी अभिप्राय लिहिला: "मीटर फॉल्टी." लग्न तोंडावर आलं तेव्हा त्यांनी नाइलाजानं त्यातलंच एक ठेवून घेतलं.

लग्नाच्या दिवशी वरात वेळेवर आली नाही. आल्यावर पुढाऱ्यांचे सत्कार झाले, मग सत्कार राहिलेल्यांचे झाले. वऱ्हाड वैतागलं. अंधार पडू लागला म्हणून खूश असलेला वधूपिता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. अक्षता पडल्या, विधी सुरू झाले आणि अरुंधतीची पाळी येताच साडू नवरा-नवरीला मांडवाबाहेर घेऊन गेले. त्यांनी मोबाइल वर धरला, गोल फिरवला आणि आचाऱ्याच्या मंडपावर रोखला.

"अहो, तिकडं वरण शिजून राहिलंय," मेव्हणी म्हणाली.

"दिसली म्हणा, पुढं लई विधी हायेत," गुरुजी म्हणाले.

"दिसली," नवरदेव म्हणाला. तो सकाळपासून उपाशी होता.

नवरीनं मात्र वडिलांच्या हातातून मोबाइल घेतला. "पप्पा, ह्या झडपेत लोहचुंबक असतोय. मोबाइलचं होकायंत्र फिरतंय त्यानं." तिनं कव्हर काढलं. पडद्यावरचं आकाश गर्रकन वळलं आणि उत्तरेकडे, जनरेटरच्या बरंच वर, सप्तर्षी येऊन थांबले. साडूंनी कव्हर हातात घेतलं, झडप एकदा उघडली, मिटू दिली. टक्. हा आवाज त्यांनी इतके महिने ऐकला होता.

तिघांनी वर पाहिलं. मांडवाच्या झगमगाटात तिथं काहीच दिसत नव्हतं.

"दिसली का गं?" साडूंनी विचारलं.

"न्हाई दिसली, पप्पा," ती म्हणाली. "पण कुठं हाय ते कळलं. नायगावला अंधार असतोय. तिथून बघीन."

पाठवणी झाली. जनरेटर बंद झाला, दिवे गेले, माणसं खुर्च्या रचू लागली. मोबाइलची बॅटरी संपली होती. साडूंनी मैदानाच्या मधोमध उभं राहून डोकं वर केलं. मग त्यांनी मेव्हणीला हाक मारली आणि नुसत्या बोटानं दाखवलं. "ती वाकडी शेपटी दिसती का? तिच्यातली मधली चांदणी. तिला खेटून बारीक."

मेव्हणीनं पदरानं डोळे पुसले आणि वर पाहिलं. तिचा चष्मा माझ्या बायकोच्या पर्समध्ये होता.

"दिसली," ती म्हणाली.

फेरतपासणीशिवाय कुणाचंही रीडिंग न मानणाऱ्या त्या माणसानं हे रीडिंग तसंच मानलं. बोट मात्र बराच वेळ खाली आणलं नाही.