तारीखमामाचा नकार

"तारीखमामाला घर नकोच होते. तुरुंगातली आयती भाकर गोड लागली होती त्याला." बजाजनगरच्या कट्ट्यावर आमचे एक निवृत्त सहकारी हे इतक्या ठामपणे सांगतात, की ऐकणारे मान डोलावतात. मामा होता त्या बरॅकीचा अधिकारी मी होतो, ते नव्हते. म्हणून हे लिहितो.

मामा मूळचा पिशोरचा, विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारा. एका पंपाच्या चोरीचा आरोप होता; जामीनदार मिळाला नाही. तारखेच्या दिवशी मामा आपला साबण वाटून टाकी आणि झोपायची अडीच वितीची जागा नव्या कच्च्या कैद्याला देई. "आज सुटतोच, बस इथं." कधी साक्षीदार गैरहजर, कधी न्यायाधीशांची बदली, कधी कैदी न्यायला पोलीसच नाहीत. संध्याकाळी मी विचारी, "झाली का तारीख?"

"व्हय साहेब. दुसरी दिली."

दिलेली जागा त्याने कधी परत मागितली नाही. खटले अडत, माणसे वाढत; सरकत सरकत मामा संडासाच्या दाराशी पोहोचला.

अशा तीन दिवाळ्या गेल्या. मग वकिलांनी सांगितले, गुन्हा कबूल कर. भोगलेली कैद हीच शिक्षा धरतील, आठवड्यात घरी जाशील. महिन्यावर त्याच्या लेकीचे लग्न होते. मीही समजावले.

"साहेब, तुमी बी?" तो म्हणाला. "चोराची लेक म्हणून नांदायला धाडू का तिला?"

"आणि बापाविना लग्न लावणार?" मी विचारले.

"ते बी खरं हाय," तो म्हणाला, आणि तरी नाहीच म्हणाला.

लग्न झाले. मामा आतच राहिला, आणखी एक दिवाळी. लेकीला कोणता बाप हवा असेल, मांडवातला की निर्दोष, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही. माझा सल्ला चुकला असेल; त्याचा हट्टही चुकला असेल. या गोंधळावर कोणीही माझ्याशी वाद घालावा. भाकरीवर मात्र नको.

कारण तो निर्दोष ठरल्याचा आदेश तुरुंगात पोहोचला, तेव्हा संध्याकाळचे जेवण नुकतेच वाढले होते. मामाने एक घासही न घेता ताट शेजाऱ्यापुढे सरकवले आणि तो फाटकाकडे चालू लागला.