रसिलाला विचारलेला प्रश्न

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा मी ते कधी मोठ्याने बोललेले नाही. आज पहिल्यांदाच तुम्हाला सांगायला बसले आहे. या वयात? हो, या वयात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात ते कित्येक वर्षं मावळलेलंच नाही.

मी शिक्षिका आहे. राहते बोर्डीला, शाळा तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर. आमच्या भागात माझं थोडं नाव आहे, तेही एकाच गोष्टीसाठी — मी मुलांना प्रश्न कळायला शिकवते. उत्तरं नव्हे हो, प्रश्न! 'कोण' म्हटलं की माणूस शोधायचा, 'कुठे' म्हटलं की जागा, 'कधी' म्हटलं की वेळ. हे मुलं खेळत खेळत शिकतात. गाडी अडते ती 'का'पाशी. धड्यातला कावळा का उडाला, एवढं साधं विचारलं तरी अख्खा वर्ग माना खाली घालतो. कारण पाड्यावर 'का' कोण विचारतं? रागावलेलं माणूस. पाणी का सांडलंस, बकरी का सोडलीस. त्याला उत्तर द्यायचं नसतं, दिलं तर तो उद्धटपणा. समोरच्याचा राग उतरेपर्यंत गप्प उभं राहायचं, ही तिथली मोठ्यांचा मान राखायची रीत.

म्हणून मी इतर शिक्षकांना सांगते, आधी 'काय झालं' ते विचारा, 'का' नंतर. ते माना डोलावतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, हे तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हणते, अनुभवातून. आणि पाणी पिते.

अनुभव — काय गोंडस शब्द आहे! त्या अनुभवाचं नाव रसिला. चौथीत होती, बडबडी, पहिल्या रांगेत बसणारी. भातकापणीचे दिवस होते. शिक्षणखात्याचे साहेब शाळा तपासायला येणार म्हणून मी सकाळपासून तक्ते चिकटवत, मुलांवर खेकसत फिरत होते. साहेबांना मी फार भ्यायचे. रसिला उशिरा आली. "का उशीर?" मान खाली. "का गं? तोंड नाही तुला?" मान आणखी खाली. मला वाटलं, मुद्दाम करतेय. तिला बाहेर ओट्यावर उभं केलं. खिडकीतून दिसत होती. एका पायावर भार देऊन खांबाला टेकलेली. मी आतून ओरडले, "सरळ उभी राहा!"

ती राहिली. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं, आणि अजून भीती वाटते — स्वतःच्याच आवाजाची.

मधल्या सुट्टीत सगळी मुलं खिचडीकडे पळाली, ती हलेना. जवळ गेले तर पाऊल टम्म सुजलेलं, काळंनिळं. "अगं, हे काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं. तिने लगेच सांगितलं, अगदी पूर्ण वाक्यात, "येताना बांधावर मला फुरसं चावलं, बाई." फुरसं, एवढा विषारी साप! म्हणजे एवढा वेळ तिच्याकडे उत्तर होतं. मी ते विचारलंच नव्हतं.

साहेब तेवढ्यात पोचले होते. त्यांच्याच गाडीतून तिला डहाणूला दवाखान्यात नेलं. वाटेत मी कशाला घाबरत होते? पोर मरेल म्हणून? बसलेच आहे सांगायला तर खरं सांगते — मी नोकरीला घाबरत होते. ती माझ्या मांडीवर कण्हत होती, आणि साप कधी चावला म्हणून सांगायचं, ती वेळ मी मनात जुळवत होते.

डॉक्टरांनी विचारलं, कधी चावलं? साहेब माझ्या शेजारी उभे. मी म्हणाले, "आत्ताच, मधल्या सुट्टीत." एवढ्यात एवढी सूज, असं काहीसं ते पुटपुटले. त्या खोट्याने तिच्या उपचारांत फरक पडला का? माहीत नाही. आजतागायत कुणा डॉक्टरला विचारायची माझी छाती झालेली नाही.

रसिला वाचली. पायाची बोटं गेली. आता उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला जाते, लंगडत. तिची आई बाजारात भेटली की माझे दोन्ही हात धरते. "बाई, तुमी लगेच नेली म्हणून पोर जगली." मी तिला अडवत नाही. तिच्या टोपलीतल्या भाजीकडे बघत राहते, आणि मनात म्हणते, ही आता पुढे काही विचारायला नको.

एवढंच असतं तर कदाचित मी ते गिळून टाकलं असतं. पण एवढंच नाही.

डॉक्टरांना माझं पटलं नसावं. थोड्या वेळाने ते रसिलाकडेच वळले, वाकून मायेने म्हणाले, "बाळा, कधी चावलं गं तुला?" सोपा प्रश्न. मीच शिकवलेला. तिने सांगायला तोंड उघडलं — आणि मी पुढे झाले. तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाले, "सांग ना, मधल्या सुट्टीत चावलं ना?"

प्रश्नांचे प्रकार सांगताना हा एक प्रकार मी नेहमी गाळते. ज्याच्या पोटातच उत्तर असतं, आणि विचारणारं माणूस मोठं असतं.

रसिला "हो" म्हणाली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिली — उत्तर बरोबर आलं का, ते पाहायला.