पदराची गाठ

सूनबाई आज वेलदोडे कुटत होती. त्या वासासरशी मी थेट निपाणीच्या खानावळीत जाऊन पोचले. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. नवरा गेल्यावर मी तिथं स्वयंपाकाला लागले होते.

डब्यातले वेलदोडे कमी होतात म्हणून मालक आप्पा रोज आम्हा तिघी बायकांच्या पिशव्या उपसायचे. एका दुपारी माझ्याकडं बघून म्हणाले, "पदराची गाठ सोड."

मी पिठाच्या हातांनी तशीच पुढच्या जेवणाच्या खोलीत गेले. तंबाखूचे व्यापारी जेवत होते. त्यांच्यासमोर गाठ सोडली. सुपारीचं खांड खाली पडलं.

"बघा माझी चोरी! आप्पा, आता ह्यांचे बी खिसे बघा."

"अगं, ती गिऱ्हाइकं हाईत!"

"आन् मी चोर व्हय?"

कुणी घास उचलेना. मी हात धुऊन घरी निघाले.

संध्याकाळी आप्पा दारात आले. "आक्का, उद्या या. तुमची झडती न्हाय."

"आन् त्या दोघींची?"

"कुणाचीच न्हाय."

मग दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. आता वाटतं, आप्पांनी पहिल्यांदा पिशवीला हात लावला तेव्हाच बोलायला हवं होतं.