दोन्ही डाव्या बाह्या

नुसत्या नजरेनं खांद्याचं माप सांगणारा कटिंग मास्तर तुम्ही पाहिला नसेल, तर या मास्तरला भेटायला हवं. माप घेताना गिऱ्हाइकानं पोट आत ओढलं की हा म्हणणार, "सोडा, सोडा. कोट घालून दिवसभर श्वास रोखणार आहात का?" वय बावन्न, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, दुकानात मशीनवर धाकटी बहीण. मिरगी त्याला विशीपासून. तिची त्यानं कधी लाज धरली नाही. झटका आला की बहीण कात्री बाजूला करी, त्याला कुशीवर वळवी, आणि तो नीट शुद्धीवर आला की विचारी, "कुठल्या गावाला जाऊन आलास?"

मग एक गोळी लागू पडली आणि तीन वर्षं एकही झटका नाही. आनंदीआनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. दुपारचं जेवण झालं की मास्तर पार गळून जाई. पाय उचलत नसत आणि राग नाकावर. एखादा टाका वाकडा दिसला की बहिणीवर खेकसायचा, मग तासभर पडद्याआड भिंतीकडे तोंड करून बसायचा; गिऱ्हाइकानं विचारलं तर बहीण "बाहेर गेलेत" म्हणून वेळ मारून नेई. बहीणही काही गोंजारणाऱ्यातली नव्हती. "झटके गेले आणि आळस आला," ती म्हणे. "झटके परवडले." तो निमूट ऐकून घेई, कारण त्यालाही ते पटलं होतं. आपण मुळातच खडूस आणि कामचुकार. आजारपणात इतकी वर्षं झाकून गेलं, इतकंच.

दर सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई विचारत, "झटका?" तो म्हणे, "नाही." दोघंही खूश. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी.

मग एका कोटाचं काम आलं. कापड भारी आणि जेमतेम पुरेल एवढंच, त्यामुळे दुहेरी घडीवर न कापता एकेक बाही वेगळी काढायची होती. अशा वेळी एक बाही झाली की पुठ्ठ्याचा खाका उलटा ठेवायचा, हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. दुपारी तीनला, डोळे मिटत असताना, मास्तरनं खाका उलटलाच नाही. बाह्या झाल्या दोन, पण दोन्ही डाव्या.

बहीण आधी पोट धरून हसली. "दादा, या माणसाला उजवा हातच नाहीये का?"

मास्तर हसला नाही. त्यानं कात्री तिच्यापुढे ठेवली. "ही तू घे. उद्यापासून मी येत नाही. माझ्यात काही राम उरला नाही." आणि तो ढसाढसा रडला. तेव्हा मात्र बहीण घाबरली. आळशी माणूस रडत नाही, तो झोपतो, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत दोन्ही बाह्या टेबलावर टाकल्या. "यानं कापल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय. आज झटक्याचं सोडून बाकीचं विचारा."

त्यांनी विचारलं. झोप कशी? दुपारी काय होतं? कशात रस वाटत नाही, असं कधीपासून? जगू नये असं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला मास्तरनं लगेच नकारार्थी मान हलवली. बाकीच्या प्रश्नांना अर्धा तास लागला.

"हे मी आधीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मिरगी असलेल्या खूप जणांना असा थकवा आणि उदासी येते. दुखणं मेंदूचं, मनाला झळ लागतेच. त्यात या गोळीनं काहींची चिडचिड वाढते. आपण ती हळूहळू बदलून बघू. तुम्ही मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. उदासीवरही उपचार आहेत, तेही सुरू करू."

मास्तरनं विचारलं, "म्हणजे मी मुळात असा नाही?"

"नाही हो, मास्तर."

दोघं जिना उतरू लागली. शेवटच्या पायरीवर बहीण म्हणाली, "दादा, तीन वर्षं मी तुला आळशी म्हणत आले."

"तू दिवसातून एकदा म्हणायचीस," मास्तर म्हणाला. "मी स्वतःला दिवसभर म्हणायचो."

दुकानात येऊन त्यानं कात्री उचलली आणि दुपारपर्यंत काम केलं. मग पडद्याआडच्या कापायच्या टेबलावरच आडवा झाला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "मास्तर कुठंयत?"

"बाहेर गेलेत," बहीण सवयीनं म्हणाली.

"इथंच आहे," टेबलावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "मिरगीचा थकवा आहे, जरा झोपतोय. साडेचारला या."