ढेकणांचा काढा

एका ढेकणाने माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, हे सांगितलं की लोक हसतात. मी तेव्हाही हसले नव्हते, आजही हसत नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. अंबरनाथला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. शहाडहून मंडळी मला बघायला आली. आमच्याकडे बसायला एक लोखंडी खाट, म्हणून समोरच्या काकूंच्या चार वेताच्या खुर्च्या मागून आणल्या. चाळीत तशी पद्धतच होती. मुलगी एकीची, कपबश्या दुसरीच्या, खुर्च्या तिसरीच्या. पोहे झाले. मुलगा माझ्याकडे बघून दोनदा हसला, मला तो आवडलाही. तारखेचं बोलणं निघालं आणि मुलाची मावशी ताडकन उठली. तिच्या मोतिया साडीवर ढेकूण चालत होता. चहा तसाच टाकून मंडळी निघाली. दोन दिवसांनी मध्यस्थाने निरोप आणला: मुलगी पसंत होती, घर नाही.

तीन दिवस घर घासून काढलेल्या माझ्या आईचं नाक कापलं गेलं. नळावर बायका आपला हंडा तिच्या हंड्यापासून लांब ठेवू लागल्या, कारण काकूंनी ही बातमी चाळभर वाटली होती. आई तोंडातून अक्षर काढत नव्हती. मी मात्र ठरवलं, ढेकणांचा निर्वंश करायचा.

गाद्या उसवल्या, खाटेच्या फटींत उकळतं पाणी ओतलं. एकही सापडला नाही. मग एका संध्याकाळी काकूंकडे टीव्ही बघायला गेले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांच्या घरातलं कुणीच त्या खुर्च्यांवर बसत नव्हतं. सगळे खाली चटईवर. सगळ्यांची नजर टीव्हीवर असताना मी केसांतली पिन काढून वेताच्या विणीत फिरवली. चार निघाले. रुमालात बांधून घरी आणले आणि जॅमच्या बाटलीत कोंडले.

धाकट्या भावाला दमा होता, म्हणून दुकानातलं विषारी औषध आई घरात येऊ द्यायची नाही. मी कडुलिंबाचा पाला उकळून बाटलीत शिंपडला. मेले अंघोळ करून ताजेतवाने झाले. लसूण घातला, फरक नाही. चामटोलीहून भाजी घेऊन येणारी बाई पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "नुसता लिंब काय उकलतंस गो बाय? निरगुडीचा पाला टाक, तंबाकू टाक, वरून वेखंड." दुसऱ्या दिवशी तिने पाटीतून निरगुडी आणून दिली. ते सगळं अर्धं आटेपर्यंत उकळलं, गाळलं, साबणाचं पाणी मिसळलं. चारही ढेकूण पाय वर करून पडले. मी ते शेवटपर्यंत बघत बसले. मला फार बरं वाटलं.

हातपंपाने मी आमच्या खोल्या फवारल्या, आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. वास चाळभर गेला. आठवड्याभरात बायका रिकाम्या बाटल्या घेऊन यायला लागल्या. मी सगळ्यांना काढा दिला. काकूंची वाट बघत होते.

त्या आल्याच. रविवारी त्यांच्या मुलीला बघायला येणार होते.

"एक बाटली दे ना गं. खुर्च्यांवर जरा मारीन म्हणते."

"म्हणजे खुर्च्यांत आहेत?"

काकूंनी रिकामी बाटली पुढे केली.

"देते काकू. पण उद्या सकाळी नळावर सगळ्यांसमोर सांगायचं, आमच्याकडचा ढेकूण कुठून आला होता ते."

मुलीसाठी त्यांनी तेही केलं. भरल्या नळावर, मान खाली घालून म्हणाल्या, "तो ढेकूण माझ्याच खुर्चीतला होता." मला वाटलं, आता आई ताठ मानेने बोलेल. आईने हंडा कमरेवर घेतला आणि म्हणाली, "ठाऊक होतं मला. खुर्च्या परत नेताना एक दाराला आपटली, तेव्हाच दोन पडले होते."

घरी आल्यावर मी ओरडले, "मग त्याच दिवशी निरोप का नाही पाठवलास शहाडला?"

"तिची पोर लग्नाची आहे. मी बोलले असते तर तिचंही मोडलं असतं. तुझं तर मोडलंच होतं."

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हे. तिने स्वतःची अब्रू दिली, ती तिची होती. पण माझं लग्नही तिने त्यातच देऊन टाकलं.

शनिवारी काकूंच्या खुर्च्यांवर आईने स्वतः काढा फवारला. रविवारी त्यांच्या मुलीचं ठरलं, वैशाखात लग्न झालं, आई हळद कुटायला गेली. मी गेले नाही.

पुढे माझंही झालं, बदलापूरला. काकूंवरचा माझा राग त्या नळावरच संपला, कारण त्यांनी चारचौघांत कबूल तरी केलं. आईने माझं लग्न सोडून देताना मला विचारलं नाही, आणि चुकलं असं शेवटपर्यंत म्हटलं नाही. तिच्यावर मी अजून रागावलेली आहे.